रास्पबेरीची आंबट बिअर: फळ गेलं कुठे?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही एका क्राफ्ट ब्रुअरीची रास्पबेरी सावर (म्हणजे आंबट बिअर) पहिल्यांदाच घेतलीत. ग्लासात रंग सुरेख लालसर गुलाबी होता. पण पहिल्याच घोटाला दात आंबले, रास्पबेरी काही सापडली नाही आणि मागाहून जिभेवर दह्यासारखं काहीतरी रेंगाळलं. सोबतचे मित्र मात्र ‘फळ किती छान उतरलंय’ म्हणत होते. बिअर बिघडलेली होती, की आपली जीभच यासाठी नाही, असं तुम्ही विचारलंत. फ्रीजमध्ये अजून एक कॅन आहे, त्याचं काय करावं, हेही विचारलंत.

मी चौदा वर्षं बिअर बनवते आहे. त्यातली बरीचशी आंबट बिअरच्या टाक्यांशेजारी गेली. आमची प्रत्येक बॅच बाहेर पडण्याआधी चारपाच जण बसून चाखतात, त्या टेबलावर मी रोज असते. तुम्ही लिहिलंत त्यात मला बिघाडाची एकही खूण दिसत नाही. दात आंबणं आणि दह्याची आठवण होणं, दोन्ही या बिअरमध्ये अपेक्षितच आहे. उरतं ते फळ, आणि खरी अडचण तिथेच आहे. तुम्ही रास्पबेरी शोधताना नकळत गोडवा शोधलात. तो त्या बिअरमध्ये बहुधा नव्हताच, कारण तो यीस्टने खाल्लेला असतो.

हे जरा उलगडून सांगते. अशा बिअरमध्ये फळाचा गर साधारणपणे पहिलं आंबवणं होत आलं की घालतात. गरातली साखर यीस्टला मिळते, टाकी पुन्हा खदखदू लागते आणि आठवड्याभरात ती साखर संपते. मागे राहतो फळाचा सुगंध, फळाचं आम्ल, रंग, आणि साली-बियांचा थोडा तुरटपणा. थोडक्यात, गोडी वजा केलेलं फळ. आपण आयुष्यभर प्रत्येक फळ गोडीसकट खाल्लेलं असतं, त्यामुळे गोडी काढून घेतली की मेंदूला ते फळ पटकन ओळखू येत नाही. जीभ कच्ची असण्याचा इथे संबंध नाही. रोज भेटणारा माणूस वेगळ्या कपड्यांत समोर आला तर आपण क्षणभर गोंधळतो, तसं हे आहे.

हे मान्य करायला माझ्या शब्दांची गरज नाही, तुम्ही घरी करून बघा. दोन छोट्या ग्लासांत 50-50 मिलिलिटर बिअर ओता. एका ग्लासात पाव चमचा साखर घालून हळूच ढवळा (साखर पडताच फेस उसळतो, म्हणून ग्लास जरा मोठा घ्या). आधी बिनसाखरेचा घोट घ्या, मग साखरेचा. साखरेला रास्पबेरीचा वास नसतो, तरीही दुसऱ्या ग्लासात रास्पबेरी एकदम समोर येऊन उभी राहते. आता लगेच पहिल्या ग्लासाकडे परत या आणि सावकाश घोट घ्या. बहुतेकांना या वेळी तिथेही ती सापडते, फिकट पण स्पष्ट. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी हेच करायला लावते. परत पहिल्या ग्लासाकडे आल्यावर त्यांचे डोळे मोठे होतात, ते बघायला मला आजही आवडतं. बर्लिनमध्ये बर्लिनर वाइस नावाची हलकी आंबट गव्हाची बिअर रास्पबेरीचं किंवा वुडरफ या सुगंधी वनस्पतीचं सिरप घालून पिण्याची जुनी पद्धत आहे. तेव्हा साखर घातली म्हणून कोणी नाक मुरडलं तर मनावर घेऊ नका.

दुसरा प्रयोग नाकाचा. नाकपुड्या बोटांनी घट्ट दाबा, घोट तोंडात घ्या, गिळा, आणि मग नाक सोडा. दाबलेलं असताना फक्त आंबट लागतं, थोडी टोचणारी चुळबुळ जाणवते, बाकी काही नाही. सोडल्याक्षणी घशामागून वास वर चढतो आणि फळ कळतं. जीभ आंबट, गोड, खारट, कडू सांगते. ‘रास्पबेरी’ हा शब्द नाक सांगतं, आणि त्यातही पुढून हुंगणाऱ्या नाकापेक्षा गिळल्यानंतर मागून येणारा वास जास्त सांगतो. म्हणून गिळलं की लगेच पुढचा घोट घेऊ नका. तोंड मिटून नाकाने श्वास सोडा आणि पाचसहा सेकंद थांबा. मी पाहिलेल्या नवख्यांपैकी निम्म्यांचं फळ या थांबण्यातच सापडलं.

आता आंबटपणाकडे. तुम्ही ‘खूप आंबट’ इतकंच लिहिलंत, पण त्यात किमान तीन गोष्टी एकत्र आहेत: किती आंबट, कोणतं आंबट आणि कधी आंबट.

‘किती’चं उत्तर लोक पीएचमध्ये देतात. साधी बिअर 4 ते 4.5 च्या आसपास असते, आंबट बिअर बहुतेक 3.1 ते 3.6 मध्ये. आकडे जवळचे दिसतात, पण ही मोजपट्टी अशी आहे की एक अंक खाली आलं की आम्लता दहापट होते. तरी नुसत्या पीएचवर माझा विश्वास नाही. दोन्ही 3.3 असलेल्या दोन बिअर शेजारी ठेवल्या तर एक कोमल लागू शकते आणि दुसरी आंबटढाण, कारण जिभेला एकूण आम्ल किती आहे हेही कळतं. टाकीतून नमुना काढल्यावर आम्ही पीएच लिहून ठेवतो, पण बॅच पुढे पाठवायची की नाही हे तोंडाने ठरवतो.

‘कोणतं’ हा मला सगळ्यात रंजक भाग वाटतो. दह्यातलं आम्ल म्हणजे लॅक्टिक. ते लॅक्टोबॅसिलस जिवाणू तयार करतात आणि बहुतेक आंबट बिअरचा तो पाया असतो. त्याची धार गोलसर असते, जिभेवर पसरते आणि मग ओसरते. व्हिनेगरमधलं अॅसेटिक आम्ल याच्या उलट: ते नाकात आधी जातं आणि घशाशी चरचरतं. लिंबातलं सायट्रिक चटकन येतं, चटकन जातं. हिरव्या सफरचंदातलं मॅलिक गालांच्या आतल्या बाजूला रेंगाळतं. रास्पबेरी स्वतःचं सायट्रिक घेऊन येते. म्हणजे तुमच्या ग्लासात दोन आंबट होते: फळाचं, जे आधी टोचलं, आणि जिवाणूंचं, जे मागे दह्यासारखं राहिलं. तुम्ही दोन्ही बरोबर ओळखलेत, फक्त त्यांना नावं दिली नाहीत. पुढच्या वेळी या दोन्हींच्या मधली जागा पकडायचा प्रयत्न करा. चांगल्या बनलेल्या बिअरमध्ये फळाचा सुगंध नेमका तिथे उलगडतो.

यात आपल्या भाषेचा चांगलाच आधार आहे. आंबट आणि तुरट हे दोन शब्द आपण लहानपणापासून वेगळे वापरतो. आंबटाने तोंडाला पाणी सुटतं. तुरटाने तोंड कोरडं पडतं, जीभ टाळूला घासते, कारण साली-बियांतले टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतात. रास्पबेरीच्या बिया फार दिवस टाकीत राहिल्या तर हा तुरटपणा वाढतो, आणि पुष्कळ लोक त्यालाच ‘आंबटपणा अंगावर आला’ म्हणतात. तुमच्या घोटानंतर पाणी सुटलं होतं की कोरड पडली होती, आठवून बघा. तसंच ‘आंबूस’, ‘आंबटगोड’, ‘खवट’, ‘कुबट’, ‘उग्र’, ‘दर्प’ हे शब्द बिनधास्त वापरा. मित्र म्हणाले म्हणून ‘फंकी’ म्हणायची गरज नाही. जुन्या चामड्याचा वास आला तर जुनं चामडंच म्हणा, त्यातून बनवणाऱ्याला जास्त कळतं.

इथपर्यंतचं तुमच्या बिअरला कितपत लागू पडतं, हे ती कोणत्या वाटेने बनली यावर अवलंबून आहे. क्राफ्ट ब्रुअरीच्या कॅनमधली फळाची सावर बहुतेक वेळा केटल सावर असते. माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) गोड काढा 35 ते 45 अंशांच्या दरम्यान ठेवून त्यात लॅक्टोबॅसिलस सोडतात, एकदोन दिवसांत तो आंबतो, मग उकळून जिवाणू मारतात आणि नेहमीसारखं यीस्ट घालतात. हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी फुलं) अगदी थोडे, कारण हे जिवाणू हॉप्सपुढे टिकत नाहीत, आणि कडू व आंबट एकमेकांच्या अंगावरही येतात. अशा बिअरमध्ये आंबटपणा स्वच्छ, एकसुरी असतो आणि फळ हाच मुख्य विषय असतो.

दुसरी वाट फार लांबची. बेल्जियममध्ये ब्रुसेल्सच्या आसपास, सेन नदीच्या खोऱ्यात लॅम्बिक बनते. उकळलेला काढा रात्रभर उघड्या, उथळ भांड्यात निवत ठेवतात, हवेतले आणि लाकडातले जीव त्यात उतरतात, आणि मग ते पिंपात एक ते तीन वर्षं मुरतं. त्यात आंबट चेरी घातली की क्रीक, रास्पबेरी घातली की फ्राम्बोआझ. 1900 पासून चालू असलेली ब्रुसेल्समधली कँतिलॉन ब्रुअरी आजही याच पद्धतीने काम करते. इथे ब्रेटॅनोमायसिस नावाचं रानटी यीस्ट असतं, त्यामुळे चामडं, वाळलेलं गवत, घोड्याचं जीन असे वास येतात आणि ते दोष मानले जात नाहीत. तोच वास साध्या केटल सावरमध्ये आला तर मी टाकी धुण्याबद्दल प्रश्न विचारीन. बरोबर आणि चूक कशाला म्हणायचं, ते बिअर कोणती आहे हे कळल्याशिवाय ठरत नाही, म्हणून लेबल आधी वाचा.

तिसरा प्रकारही आहे: आंबवणं संपल्यावर भरपूर गर ओतलेली, कधी लॅक्टोज (दुधातली साखर) घातलेली, घट्ट शेकसारखी बिअर. लॅक्टोज बिअरच्या यीस्टला खाता येत नाही, म्हणून गोडी टिकते. तुमच्या मित्रांनी याआधी अशाच बिअर जास्त प्यायल्या असतील तर त्यांची ‘फळ’ या शब्दाची कल्पना तुमच्यापेक्षा वेगळी असणार. असे कॅन कायम फ्रीजमध्येच ठेवायचे. त्यात न आंबलेली साखर असते, आणि जिवंत यीस्ट उरलं असेल तर उबेत ते पुन्हा कामाला लागून कॅन फुगतो. फुगलेला कॅन हातात घेऊन झटकन उघडू नका.

बिघाड कसा ओळखायचा, हेही सांगते, म्हणजे पुढच्या वेळी शंका राहणार नाही. नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा भपका आला तर ते एथिल अॅसिटेट. व्हिनेगरसारखं नाकात गेलं तर बहुधा हवा लागली आहे. बेल्जियममधल्या फ्लॅंडर्सच्या लाल आंबट बिअरमध्ये थोडं व्हिनेगर शोभतं, रास्पबेरीच्या केटल सावरमध्ये नाही. भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे शिळी झालेली. लोण्याचा वास म्हणजे डायअॅसिटिल. आणखी एक आहे जो हुंगून कळत नाही. घोट गिळल्यावर दहाएक सेकंदांनी तोंडाच्या मागे उंदराच्या पिंजऱ्यासारखा कुबट वास उगवतो. बिअर आंबट असेपर्यंत तो दबलेला असतो, लाळेने आम्ल कमी केलं की बाहेर येतो. काहींना तो जाणवतच नाही, म्हणून चाखायला एकटं बसू नये.

आणि सर्वांत वाईट म्हणजे ओकारीचा वास, ब्युटिरिक आम्लाचा. हा मला जवळून ठाऊक आहे. सुरुवातीच्या काळात मी एक काढा आंबवायला विकतचे जिवाणू न घालता मूठभर कच्चं धान्य टाकलं. धान्यावर लॅक्टोबॅसिलस असतोच, तसे इतरही जीव असतात. त्यांना रोखायला काढ्याचा पीएच आधीच 4.5 च्या आसपास उतरवून ठेवायचा असतो. मी ते केलं नाही. दुसऱ्या दिवशी झाकण उघडल्यावर वास कळला, पण मन मानेना. रास्पबेरीचा गर भरपूर घातला तर झाकला जाईल, असं वाटलं. चार आठवड्यांनी ग्लास नाकाशी नेला तर वर रास्पबेरी आणि तिच्या खालोखाल तोच वास, आता फळामुळे आणखी ओंगळ. सगळी टाकी ओतून दिली. फळ दोष झाकत नाही, हे त्या दिवशी पक्कं कळलं. म्हणून तुम्हाला मी इतक्या खात्रीने म्हणते की तुमची बिअर बिघडली नव्हती. बिघडलेली असती तर तुम्ही ‘दही’ असं लिहिलं नसतं.

मित्रांना फळ सापडलं आणि तुम्हाला नाही, याची टोचणी तुमच्या लिहिण्यात दिसते. तिथे रंगाचा हात असू शकतो. 2001 साली फ्रान्समधल्या बोर्दोच्या संशोधकांनी पांढऱ्या वाइनमध्ये बिनवासाचा लाल रंग मिसळून वाइन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना दिली. त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. आम्हीही कधीकधी काळ्या ग्लासांतून चाखतो. एकदा त्यात स्ट्रॉबेरीची सावर होती आणि टेबलावरच्या एकालाही ती ओळखता आली नाही. मी पीच लिहिलं होतं. रंग डोळ्यांसमोर असता तर आम्ही सगळ्यांनी ‘स्ट्रॉबेरी’ म्हटलं असतं, आणि तशी चव लागली असंही वाटलं असतं.

फळाफळांतही फरक आहे. रास्पबेरी, पॅशनफ्रूट, आंबट चेरी ही मुळात आंबट आणि वासाला ठसठशीत, त्यामुळे गोडी गेली तरी टिकतात. स्ट्रॉबेरी, पीच, आंबा, ब्लूबेरी गोडीच्या आधाराने ओळखू येतात. साखर संपली की पुसट होतात. म्हणून शिकायला रास्पबेरी हीच योग्य निवड होती.

दुसऱ्या कॅनसाठी एवढं करा. फ्रीजमधून काढून दहापंधरा मिनिटं बाहेर ठेवा. फार थंड असताना सुगंध मिटलेला असतो आणि गोडीही कमी जाणवते, आंबट तेवढं उरतं. पहिल्या वेळी तुम्ही बर्फासारखी थंडच प्यायलात, असा माझा अंदाज आहे. केटल सावर 6-7 अंशांवर बरी लागते, लॅम्बिक 10-12 वर. ग्लास पोटाला रुंद, तोंडाला थोडा निमुळता घ्या आणि एकतृतीयांशच भरा. फेस लवकर विरला तर खंतावू नका, आंबट बिअरमध्ये तो टिकत नाही. तळाशी गर बसला असेल तर उघडण्याआधी कॅन आडवा धरून हळूच गोल फिरवा, हलवू नका.

पहिला घोट मोजू नका. आंबटाला लाळ सुटायला आणि जीभ सरावायला एक घोट लागतो. बिअरबद्दलचं मत दुसऱ्या-तिसऱ्या घोटावर बनवा. मधे पाणी प्या, हवं तर साध्या पावाचा तुकडा खा. दात घासून लगेच चाखू नका, टूथपेस्टमुळे गोडी दबते आणि कडूपणा वाढतो. चाखल्यावरही अर्धा तास तरी ब्रश लावू नका, आम्लाने दातांचं आवरण तेवढ्यापुरतं मऊ झालेलं असतं. पित्ताचा त्रास असेल किंवा दात संवेदनशील असतील तर दोनचार घोटांवर थांबलेलं बरं, ती मर्यादा शरीराची आहे आणि सरावाने जात नाही.

कॅनवरची तारीखही बघा. केटल सावरमधलं फळ सगळ्यांत आधी उडतं; काही महिन्यांत सुगंध ओसरतो, लाल रंग विटकरीकडे झुकतो आणि आंबटपणा मात्र जागचा हलत नाही. तुमचा पहिला कॅन जुना असेल तर हेही एक कारण असू शकतं. तेव्हा दुसरा राखून ठेवू नका, याच आठवड्यात उघडा. साखरेचा ग्लास आणि बिनसाखरेचा ग्लास दोन्ही भरा, आणि रास्पबेरी कितव्या घोटाला सापडली ते इथे लिहा. नाहीच सापडली तर तेही लिहा, मग लेबलवर काय छापलंय ते बघून पुढे बोलू.